वळणाचा वेग

मला एक खोड आहे. नवं ॲप फोनवर आलं की त्याचा उपयोग काय, ते मी नंतर बघते. आधी डेव्हलपर सेटिंग्जमध्ये जाऊन ॲनिमेशनचा कालावधी वाढवते. अँड्रॉइडवर तो १० पटीपर्यंत ताणता येतो आणि मी थेट १० वरच बोट ठेवते. एरवी पापणी लवेपर्यंत उरकणारा सगळा कारभार मग सावकाश उलगडू लागतो. पाव सेकंदात उघडणारं कार्ड अडीच सेकंद घेतं. कोपऱ्यातलं गोल बटण स्क्रीनच्या मधोमध येऊन त्याचा फॉर्म होतो, तेव्हा ते नेमक्या कुठल्या वाटेनं आलं हे दिसतं. कुणी काळजीनं काम केलंय आणि कुणी नुसतं उरकलंय, हेही दिसतं.

त्या संथ पडद्यावर ॲप्सच्या दोन जाती वेगळ्या पडतात. एका जातीत बटण कोपऱ्यापासून मध्यापर्यंत पट्टीनं आखल्यासारखं तिरकं जातं. दुसऱ्या जातीत ते आधी थोडं वर चढतं, मग आत वळतं आणि जागेवर येऊन बसतं. नेहमीच्या वेगात हा फरक कुणाला विचारला तर सांगता येणार नाही. आकार लक्षात यावा इतका वेळच नसतो. तरी पहिलं बघताना काहीतरी यंत्रासारखं सरकल्याचा भास होतो आणि दुसरं बघताना तो होत नाही.

पोटापाण्यासाठी मी हेच काम करते; डिझाइनरनं काढलेल्या चित्राला फोनच्या पडद्यावर हलवून दाखवते. त्यामुळे हा फरक येतो कुठून, या प्रश्नाशी माझी बरीच झटापट झाली आहे. त्याचं एक तयार उत्तर सगळीकडे ऐकू येतं: निसर्गात काहीच सरळ जात नाही, म्हणून पडद्यावरही जाऊ नये. या उत्तराला वंशपरंपरा चांगली आहे. डिस्नीच्या स्टुडिओत आयुष्य काढलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली ॲनिमेशनची बारा तत्त्वं लिहून काढली, त्यांतलं एक तत्त्व कमानींचं. हात खांद्याभोवती फिरतो, मान वळताना हनुवटी किंचित खाली येते, लंबक झोके घेतो. म्हणून चित्रातल्या पात्राच्या हालचालीला सरळ रेषा शोभत नाही. पुढे २०१४ साली गूगलनं मटेरियल डिझाइन ही आपली डिझाइनची नियमावली आणली, तेव्हा हीच शिकवण बटणं आणि कार्डांना लागू झाली. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ५ मध्ये वक्र वाटेवरून वस्तू नेण्यासाठी तयार क्लास, म्हणजे कोडचे आयते भागही आले.

गंमत अशी की त्याच १९८१ साली पिएत्रो मोरासो यांचा एक शोधनिबंध आला. माणूस हात एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेतो तेव्हा काय होतं, ते त्यांनी मोजलं होतं. खांदा वळतो, कोपर वळतं, दोन्ही आपापल्या परीनं गोलच फिरतात. पण हाताचं टोक मात्र जवळजवळ सरळ रेषेत जातं. मेंदू दोन्ही सांध्यांचा असा काही मेळ घालतो की त्यांच्या कमानी एकमेकींत विरून जातात. वेगाचा आलेखही ठरलेला: शून्यापासून सुरू होऊन मध्यावर चढतो आणि पुन्हा शून्यावर उतरतो, घंटेच्या आकाराचा. १९८५ साली तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी याचं गणित मांडलं. त्वरणात कमीत कमी झटके बसतील अशी वाट शरीर निवडतं, आणि तशी वाट काढली तर ती सरळच निघते.

म्हणजे काचेवर बोट ठेवून एखादं कार्ड आपण इकडून तिकडे ओढतो, तेव्हा ते साधारण सरळच जातं. तिथे निसर्गाचा दाखला देऊन वक्र रेषा मागणाऱ्याला निसर्गच तोंडघशी पाडेल. तेव्हापासून ‘निसर्गात असं असतं’ हे वाक्य डिझाइनच्या चर्चेत आलं की मी सावध होते. दोन सांध्यांचं शरीर असलेल्या पात्राला जे लागू, ते सांधाच नसलेल्या चौकोनाला का लागू व्हावं?

पण मग वक्र वाट बरी का वाटते? मला पटलेलं उत्तर वाटेच्या आकारात नाही, त्या वाटेवरच्या वेगात आहे.

१९८३ साली लाक्वानिती, तेरत्सुओलो आणि विव्हियानी या तिघांनी हातानं काढलेल्या वक्र रेषा तपासल्या. लंबगोल काढताना हात सगळीकडे एकाच वेगानं फिरत नाही. जिथे वळण तीव्र, तिथे तो मंदावतो. जिथे रेषा सपाट होते, तिथे धावतो. एवढं कुणीही सांगेल. पण हे मंदावणं ठरलेल्या प्रमाणात होतं, हा त्यांचा शोध. हाताचा वेग वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या एक-अष्टमांश झाली तर वेग निम्मा. कोनीय वेगाच्या भाषेत हेच सूत्र लिहिलं की दोन-तृतीयांशचा घात येतो, म्हणून याला दोन-तृतीयांश घात नियम म्हणतात.

याच्या पुढचा प्रयोग मला फार आवडतो. १९९२ साली विव्हियानी आणि स्तुक्की यांनी लोकांना पडद्यावर लंबगोल फिरणारा एक ठिपका दाखवला आणि त्याचा वेग सगळीकडे सारखा वाटेल असा जुळवायला सांगितलं. लोकांनी जुळवलेला वेग सारखा नव्हता. वळणावर मंद आणि सपाटीवर जलद, म्हणजे हाताच्या नियमाच्या जवळ जाणारा वेग त्यांना ‘एकसारखा’ वाटला. खरोखर एकसारख्या वेगानं फिरणारा ठिपका वळणावर उगाच घाई करतोय असं दिसतं. डोळा हालचाल बघताना जणू हाताकडे विचारणा करतो: तुला हे असं जमलं असतं का?

आता फोनच्या पडद्याकडे येऊ, कारण नेमकी इथेच आपली यंत्रं आपल्याला चकवतात, आणि तीही दोन उलट दिशांनी.

पडद्यावरच्या बहुतेक वक्र वाटा बेझिए वक्रानं काढलेल्या असतात. पिएर बेझिए हे रेनो कंपनीत अभियंते होते. १९६० च्या दशकात गाडीच्या पत्र्याचे आकार यंत्राला कळतील अशा भाषेत लिहिण्यासाठी त्यांनी हे वक्र वापरले आणि त्यावर लिहिलंही, म्हणून नाव त्यांचं झालं. प्रत्यक्षात सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेलज्यो यांनी १९५९ मध्येच तेच गणित शोधलं होतं. कंपनीनं ते गुपित म्हणून कडीकुलपात ठेवलं. कास्तेलज्यो यांची रीत इतकी साधी आहे की ती कागदावर करून बघावी. चार बिंदू घ्या, ते ओळीनं जोडा, तीन रेषा होतील. प्रत्येक रेषेवर समजा एक-तृतीयांश अंतरावर खूण करा. त्या तीन खुणा जोडल्या की दोन रेषा. त्यांवर पुन्हा एक-तृतीयांशावर खुणा. त्या दोन खुणा जोडून उरलेल्या एका रेषेवर एक-तृतीयांशावर जो बिंदू येतो, तो वक्रावरचा बिंदू. एक-तृतीयांशच्या जागी शून्यापासून एकपर्यंत सगळ्या किमती घालत गेलं की अख्खा वक्र उमटतो. नुसतं सरळ रेषांवर मोजमाप करत राहायचं आणि हाती गोलाई यायची, हे मला अजूनही थोडं जादूचंच वाटतं.

ही जी शून्यापासून एकपर्यंत जाणारी किंमत आहे, तिला आपण ‘टी’ म्हणतो, आणि टी म्हणजे टाइम असा समज करून घेऊन मोकळे होतो. इथेच पहिला चकवा. टी सारख्या गतीनं वाढवला म्हणून वस्तू वक्रावर सारख्या वेगानं जात नाही. चार बिंदूंपैकी पहिले दोन जोडणारी रेषा म्हणजे पहिलं हँडल, शेवटचे दोन जोडणारी म्हणजे शेवटचं. सुरुवातीचा वेग पहिल्या हँडलच्या लांबीच्या तिप्पट असतो आणि शेवटचा वेग शेवटच्या हँडलच्या लांबीच्या तिप्पट. डिझाइनरनं आकार छान दिसावा म्हणून पहिलं हँडल २० पिक्सेलचं ठेवलं आणि शेवटचं २०० पिक्सेलचं ओढलं, तर वस्तू सुरुवातीच्या दहापट वेगानं मुक्कामाला येऊन आदळते. त्यानं आकार बदलला, वेग नाही, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यानं दोन्ही बदललेलं असतं. चित्र बरोबर आहे आणि हालचाल विचित्र आहे, अशी तक्रार आली की मी आधी हँडलांची लांबी बघते. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडतो.

यावर उपाय म्हणजे टी सोडून अंतर धरायचं: एकूण वाटेच्या इतके टक्के पुढे गेल्यावर बिंदू कुठे असेल, हे विचारायचं. पण घन बेझिएची, म्हणजे अशा चार बिंदूंच्या वक्राची, लांबी सांगणारं सुटसुटीत सूत्र नाही. म्हणून बहुतेक प्रणाली वक्राचे बारीक बारीक सरळ तुकडे करून त्यांची बेरीज करतात. अँड्रॉइडवर पाथमेझर हे काम करतो. त्याला अंतर द्या, तो तिथला बिंदू आणि तिथली स्पर्शरेषा परत देतो. अँड्रॉइडच्याच ऑब्जेक्टॲनिमेटरला थेट पाथ, म्हणजे वाट, दिली तर तो हेच आतल्या आत करून घेतो. आयफोनवर कीफ्रेम ॲनिमेशनला, म्हणजे टप्पे देऊन केलेल्या हालचालीला, ‘पेस्ड’ मोड लावला की तो सारख्या वेगाची जबाबदारी घेतो. मग मधल्या टप्प्यांच्या वेळा तुम्ही दिल्या असल्या तरी तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ॲप बनवण्याच्या गूगलच्या फ्लटर या साधनात पाथमेट्रिक आहे, तोही पाथमेझरच्याच कुळातला.

इथवर आलं की बरेच जण हुश्श करतात. आणि दुसरा चकवा इथेच बसलेला असतो. आता वेग अगदी एकसारखा झाला, पण विव्हियानींचा ठिपका आठवा: खरोखर एकसारखा वेग डोळ्याला एकसारखा वाटत नाही. म्हणजे आधी वेगातली आपसूक आलेली विषमता काढून टाकायची आणि मग हवी ती विषमता जाणीवपूर्वक परत घालायची. सायकलवाला वळणावर ब्रेक लावतो तो कुणी सांगितलं म्हणून नाही. आपल्या बटणाला मात्र ते सांगावं लागतं. मी अंतराच्या तक्त्याबरोबर वळणाच्या त्रिज्येचाही तक्ता करते आणि घनमुळाच्या नियमानं वेग कमी-जास्त करते. पूर्ण नियम लावला तर उथळ कमानीवर काही फरक जाणवत नाही आणि तीव्र वळणावर वस्तू रेंगाळल्यासारखी वाटते, म्हणून मी त्याचा जोर अर्ध्यावर आणते. का अर्ध्यावर, याला माझ्याकडे शास्त्र नाही. डोळ्याला बरं दिसतं, एवढंच.

शिवाय इझिंगचा, म्हणजे हालचाल कधी मंद आणि कधी जलद होते ते ठरवणारा, वक्र असतोच. नवख्या माणसाचा इथे हमखास गोंधळ उडतो, कारण इझिंगही बेझिएनंच लिहितात. मटेरियल डिझाइनच्या आधीच्या आवृत्त्यांतलं नेहमीचं इझिंग ०.४, ०, ०.२, १ या चार आकड्यांचं होतं, तेही घन बेझिएच. पण तो वक्र पडद्यावर कुठे नसतो. त्याची आडवी बाजू काळ आणि उभी बाजू प्रगती. एकाच हालचालीत एक वक्र जागेचा आणि एक काळाचा. दोन्ही ओढायला सारखीच हँडलं, त्यामुळे मीटिंगमध्ये ‘कर्व्ह जरा मऊ कर’ असं कुणी म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठला?

काळाचा प्रश्न निघालाच आहे, तर फ्रेमचंही बोलायला हवं. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. ३०० मिलिसेकंदांच्या हालचालीला मिळतात १८ फ्रेम. ९०० पिक्सेलची वाट असेल तर एकेका फ्रेमला सरासरी ५० पिक्सेलची उडी, आणि इझिंगमुळे मधल्या उड्या आणखी लांब. इतका खल करून काढलेला वक्र पडद्यावर कधी उमटतच नाही. उमटतात ते १८ ठिपके. त्यांतलेही बरेचसे दोन्ही टोकांना गर्दी करून असतात. मधलं वळण, जिथे सगळं सौंदर्य आहे असं आपण समजतो, ते पाच-सहा ठिपक्यांवर भागतं. बाकीचं बघणाऱ्याचा मेंदू भरून काढतो. सुटी सुटी स्थिर चित्रं भराभर दाखवली की हालचाल दिसते, या आभासावरचा मॅक्स वेर्थायमर यांचा पायाभूत निबंध १९१२ चा. आणि बेझिए वक्र ज्यांवर उभे आहेत ती बर्नस्टाइन बहुपदंही १९१२ चीच. दोघांना एकमेकांच्या कामाशी काही देणंघेणं नव्हतं. पण फोनवर एखादं कार्ड वळत वळत येतं तेव्हा त्या एकाच वर्षातल्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतात, हे मला आवडतं.

१२० हर्ट्‌झचे पडदे आल्यापासून ठिपके दुप्पट झाले आणि वळणं खरोखर वळणांसारखी दिसू लागली. तरी वीस-पंचवीस पिक्सेलचा बाक असलेली कमान नुसत्या नजरेला ओळखू येत नाही. ती ओळखू यावी म्हणून काही जण बाक वाढवतात आणि मग वस्तू उगाच फेरफटका मारून आल्यासारखी दिसते. कमान नजरेत भरली तर ती जास्त झाली, असं माझं साधं मोजमाप आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आडव्या सरकण्याला एक इझिंग द्या आणि उभ्या सरकण्याला दुसरं, वाट आपोआप वळते. बरोबर आहे, आणि मीही खूपदा तेच करते. आडवा वेग कायम ठेवला आणि उभ्या दिशेला काळाच्या वर्गाच्या प्रमाणात नेलं तर वाट चक्क पॅराबोला होते. गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेला फेकलेल्या वस्तूचा मार्ग तोच. खरेदीच्या ॲपमध्ये वस्तूचं छोटं चित्र उडून कोपऱ्यातल्या कार्टमध्ये पडतं, ते बहुतेकदा या दोन ओळींवर चालतं. शिवाय इथे वेगाचं वेगळं गणित करावं लागत नाही. फेकलेली वस्तू शिखराजवळ, म्हणजे जिथे वळण सर्वांत तीव्र तिथेच, सर्वांत मंद असते. आकार आणि वेग एकाच कारणातून आलेले असतात, म्हणून त्यांचं आपसांत जमतं. नियम तंतोतंत दोन-तृतीयांशचा आहे की नाही, हे तपासून बघायचं असेल तर बघा. पॅराबोलावर तो तंतोतंतच बसतो. हे पहिल्यांदा कागदावर सोडवून बघितलं तेव्हा मी एकटीच हसले होते.

ज्या वाटेला कारण असतं तिचा वेग शिकवावा लागत नाही, हे मला इथून उमगलं. कार्टमध्ये पडणारं चित्र फेकलेलं आहे, म्हणून ते वळतं. वर उचललं जाणारं कार्ड उचललेलं आहे, म्हणून त्याची सुरुवात उभ्या दिशेनं व्हावी आणि आडवं सरकणं मागाहून. पण सेटिंग्जच्या यादीतली ओळ खालीवर होताना कमान करून गेली, तर तिला कुणी फेकलंय आणि कुणी उचललंय? तिथे मला सरळ रेषाच हवी. चार गोष्टी एकदम हलत असतील तर निदान तीन तरी सरळ जाव्यात, नाहीतर नजर कुणाच्या मागे धावणार.

जवळजवळ आडव्या किंवा जवळजवळ उभ्या हालचालीत तर कमानीचा हट्ट धरूच नये, आणि या प्रणाली लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. कमानी काढणारा अँड्रॉइडचा आर्कमोशन हा क्लास दोन बिंदूंतून जाणारं एक काल्पनिक वर्तुळ घेतो. बिंदू जसजसे एका आडव्या किंवा उभ्या ओळीत येतात, तसतसं त्या वर्तुळाचं केंद्र दूर जातं, त्रिज्या फुगते आणि कमान आपोआप सपाट होते. उलट बाजूनं ती फार गोल होऊ नये म्हणून दोन बिंदूंमधल्या कोनावर ७० अंशांची मर्यादा आधीच घातलेली आहे. फ्लटरमध्येही दोन बिंदूंत एका दिशेचा फरक अगदी किरकोळ असेल तर कमान सोडून सरळ रेषा घेतात. किमान कोन ठरवून वळण लादायची सोय आर्कमोशनमध्ये आहे. मी ती वापरत नाही.

याहून किचकट प्रश्न म्हणजे वक्रावर नेमकं कोण चालतंय? लहान गोल बटण मोठा आयत होत होत पुढे जातं, तेव्हा त्याचा डावा वरचा कोपरा वक्रावर ठेवला तर केंद्र दुसऱ्याच वाटेनं जातं, कारण आयत वाढतोय. आणि बघणाऱ्याची नजर कोपऱ्यावर नसते, ती वस्तुमानावर असते. फ्लटरमध्ये यासाठी दोन वेगळे ट्वीन, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांमधल्या स्थिती काढणारे घटक, आहेत: एक आयताचे समोरासमोरचे कोपरे कमानींवरून नेतो, दुसरा केंद्राला. पहिला नेहमीच्या हीरो ॲनिमेशनमध्ये, म्हणजे वस्तू एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर उडत जाते तेव्हा, आपसूक येतो. दुसरा गोलातून चौकोन उमलवायचा असेल तेव्हा घ्यायचा. कागदावर हा फरक क्षुल्लक आहे. दहापट संथ करून बघितला तर पहिल्यात कडा आधी पुढे झेपावते आणि पोट मागून येतं, दुसऱ्यात सगळं एकसंध वाढतं. कुठला बरा, ते वस्तूवर आहे. फोटोला मला कोपरे चालतात; वर्तुळाला नाही.

स्पर्शरेषेकडे बघून वस्तू फिरवायचा मोहही इथलाच. वाट वळेल तसं तोंड वळवायचं. कागदी विमानाच्या चित्राला ते शोभतं, पाठवलेल्या संदेशाच्या आयकॉनला एखाद वेळी. मजकूर असलेल्या कार्डाला कधीही नाही; वाचता वाचता अक्षरं तिरकी झाली की माणूस फोनच तिरका करतो.

काही लोकांना यातलं काहीच नको असतं, आणि तो आवडीनिवडीचा मामला नाही. २०१३ मध्ये आयओएस ७ आली तेव्हा तिच्या झूम होणाऱ्या पडद्यांनी गरगरतं, मळमळतं अशा तक्रारी आल्या. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिच्यात बिघाड असलेल्या माणसाला डोळा सांगतो ‘हललो’ आणि शरीर सांगतं ‘नाही’. त्या भांडणाचा खरा त्रास होतो. मोठ्या आकाराच्या वस्तू वक्र वाटेनं मोठ्या होत जाणं त्यात भर घालतं, कारण एकाच वेळी दोन दिशा आणि आकार असं सगळंच बदलतं. म्हणून हालचाल कमी करण्याची सेटिंग आहे, आणि २०१८ च्या वेब सुगम्यता निकषांत, डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, वापरणाऱ्याच्या कृतीतून सुरू होणारी ॲनिमेशन बंद करता यावीत असा स्वतंत्र निकष आहे. ती सेटिंग चालू असेल तर मी कमान लहान करत नाही, पूर्ण काढते. जुनं विरून नवं उमटतं. कार्टमध्ये पडणारं चित्र नसलं तर कार्टवरचा आकडा तरी ठळकपणे बदलायला हवा, हे तेव्हा ध्यानात येतं. तो बदलत नसेल तर ते ॲप आपली माहिती उडत्या चित्राच्या भरवशावर सोडून बसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र आखलेल्या वाटांना मुळीच जमत नाही: मधेच थांबवलं जाणं. वस्तू वक्रावरून निम्मी गेली आणि वापरणाऱ्यानं मन बदललं, परत जा म्हणाला, किंवा चक्क उडत्या वस्तूवर बोट ठेवलं. जुन्या अँड्रॉइडमध्ये तर चित्र पुढे जायचं आणि स्पर्शाची जागा मागेच राहायची. २०११ च्या अँड्रॉइड ३ मधल्या प्रॉपर्टी ॲनिमेशननं तो घोळ मिटवला. आयफोनवर आजही कोअर ॲनिमेशन या ॲपलच्या यंत्रणेमध्ये दिसणारा थर आणि खरा थर वेगवेगळे असतात, आणि उडत्या वस्तूला पकडायचं तर दिसणाऱ्या थराला विचारावं लागतं. पण ती पकडता आली तरी पुढे काय? आखलेली वाट अ पासून ब पर्यंतची होती. आता मधल्या कुठल्या तरी बिंदूपासून क पर्यंत जायचंय, आणि त्या वाटेचं चित्र कुणी काढलेलंच नाही. नवी वाट तिथून सुरू केली तर वस्तू क्षणभर थिजते आणि काटकोनात वळते. संथ करून बघायचीही गरज नाही. हा झटका पूर्ण वेगातही बोचतो.

इथे मी वाट टाकून देते आणि स्प्रिंग घेते. स्प्रिंगला वाट ठाऊक नसते. तिला फक्त तीन गोष्टी लागतात: आत्ता कुठे आहेस, आत्ताचा वेग किती, जायचंय कुठे. आडव्या दिशेला एक स्प्रिंग, उभ्या दिशेला तशीच दुसरी. वस्तू स्थिर असताना सोडली तर दोन्ही दिशा एकाच प्रमाणात सरकतात आणि वाट अगदी सरळ येते. पण ती आधीच कुठे तरी चाललेली असेल आणि मधेच मुक्काम बदलला, तर जुना वेग एकदम मरत नाही. तो ओसरत असताना नवी ओढ वाढत जाते आणि त्या दोघांमध्ये एक वळण तयार होतं. ते कुणी आखलेलं नसतं, तरी त्यात कुठेही कोपरा नसतो. बोटानं कार्ड तिरकं भिरकावलं आणि त्याला वरच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं असलं, तरी हेच होतं: कार्ड आधी बोटाचं ऐकतं, मग कोपऱ्याचं. जोरात भिरकावलं तर वळण मोठं, हळू सोडलं तर जवळजवळ सरळ. दोन वेळा तीच वाट येणं कठीण.

आखलेल्या वाटेवरून स्प्रिंगवर उडी मारणंही वाटतं तितकं अवघड नाही. पाथमेझर स्पर्शरेषा देतोच, ती दिशा झाली. मागच्या दोन फ्रेममधलं अंतर भागिले वेळ, हा झाला वेग. दिशेला वेगानं गुणायचं, त्याचे आडवा आणि उभा असे दोन भाग करायचे आणि एकेका स्प्रिंगच्या हाती एकेक द्यायचा. जोड दिसत नाही. जिथे ॲनिमेशन मधेच तोडलं जाण्याची शक्यता जास्त, तिथे हल्ली मी सुरुवातच स्प्रिंगनं करते आणि पहिल्या फ्रेमला थोडासा उभा वेग देऊन ठेवते. कमान त्यातूनच निघते.

अडचण एकच उरते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या डिझाइनरला प्रत्येक हालचालीचं चित्र फाइलमध्ये लागतं: इथून निघाली, इथे वळली, इथे पोचली. या वाटेचं तसं चित्र काढताच येत नाही, कारण ती दर खेपेला वेगळी. त्यानं विचारलं की मी फोनच त्याच्यापुढे धरते. “अरे, फाइल सोड. हे घे, उडताना पकड आणि भिरकाव कुठेही.”